तिघांसाठी तवांग

तवांगच्या सहलीचा बेत बाबांनी एका रद्द झालेल्या सागरी नकाशाच्या पाठीवर आखला होता. जहाजावरचे नकाशे जुने झाले की नवे येतात आणि जुने बोटीवरची माणसं घरी घेऊन जातात. कागद चांगला जाड असतो, सहजी फाटत नाही. सिंगापूरच्या मरीन परेड भागातल्या आमच्या फ्लॅटमधली कपाटं आतून मलाक्काच्या सामुद्रधुनीने मढवलेली होती, आणि माझ्या शाळेच्या वह्यांना पर्शियन आखाताची कव्हरं होती. त्यामुळे भूगोलाच्या बाई मला हुशार समजत. बेताच्या कागदावर डाव्या बाजूला गावांची नावं होती, मधे अंतरं, उजवीकडे उंची. तेजपूर, भालुकपाँग, बोमदिला, दिरांग, सेला, तवांग. प्रत्येक नावापुढे पोचायची वेळ आणि निघायची वेळ. सगळ्यात खाली, पर्यायी बंदर म्हणून, झिरो नावाचं गाव. डोंगरात बंदर कसलं, असं आईने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "वाट बंद झाली तर आसरा घ्यायला जागा हवी की नको? त्याला बंदरच म्हणतात."

बाबा मरीन इंजिनिअर होते. सात महिने पाण्यावर, तीन-चार महिने घरी, असं त्यांचं आणि पर्यायाने आमचं वर्ष असे. घरी आले की पहिले आठ दिवस त्यांना शांततेमुळे झोप लागत नसे. मग आई त्यांच्या उशाशी टेबलफॅन लावून त्याच्या जाळीत एक पुठ्ठ्याचा तुकडा अडकवायची, म्हणजे तो घरघर करायचा आणि बाबा घोरायला लागायचे. पलीकडच्या खोलीत मी त्या दुहेरी आवाजात अभ्यास करत असे. आमचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. खिडकीतून नांगरून पडलेली जहाजं दिसत, आणि आई कपड्यांचा बांबू खिडकीबाहेर खोचता खोचता त्यांच्याकडे समोरच्या चाळीतल्या बिऱ्हाडांकडे बघावं तशी बघायची. "तो निळा अजून गेला नाही वाटतं. सोमवारपासून आहे." ती मूळची चिपळूणची. इथल्या बाजारात सुरमईला बतांग म्हणतात हे तिने पहिल्या आठवड्यात शिकून घेतलं, आणि पुढची चाळीस वर्षं बतांगवाल्या चिनी म्हाताऱ्याशी मराठीत घासाघीस केली. तो तिला अम्मा म्हणायचा आणि शेपटीकडचा तुकडा तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा.

खलाशाच्या घरात दिवस मोजायची रीत निराळी असते. कंत्राट संपलं म्हणून माणूस घरी येत नाही. त्याच्या जागेवर दुसरा माणूस जहाजावर चढला, तर हा उतरतो. त्या दुसऱ्याला रिलीव्हर म्हणतात. रिलीव्हरची बायको बाळंत होते, रिलीव्हरचा व्हिसा अडकतो, रिलीव्हर विमानात बसतो आणि जहाज बंदर बदलतं. माझ्या लहानपणी जितकी माणसं आमच्या घरात आली असतील त्याहून जास्त न आलेल्या रिलीव्हरांची नावं मला ठाऊक होती. दर सुट्टीला बाबा एक सहल ठरवत आणि आई तिचा खाऊ करून ठेवी. मग रात्रीच्या जेवणाच्या वेळी फोन वाजे, आई "बरं, बरं" म्हणून खाली ठेवी, आणि आम्ही दोघी दुसऱ्या दिवसापासून डबे उघडत असू. मी लहानपणच्या सहली चवीने ओळखते. काश्मीर म्हणजे तिळाच्या दशम्या. कन्याकुमारी म्हणजे लसणाची चटणी आणि किंचित मऊ पडलेल्या चकल्या. दार्जिलिंगचे बेसनलाडू आम्ही तीन आठवडे खाल्ले. यातलं एकही ठिकाण मी तेव्हा पाहिलं नाही, आणि खाऊला नावं ठेवायला मला आजही जागा नाही.

तवांगची गोष्ट मात्र वेगळी होती. बाकीच्या सहली आमच्यासाठी होत्या, ही त्यांची स्वतःची होती. कुठल्याशा जहाजावर त्यांना एक आसामी रेडिओ ऑफिसर भेटला होता. त्याने सेला खिंडीचं वर्णन केलं होतं: पावणेचौदा हजार फूट, पलीकडे गोठलेलं तळं, आणि ढग पायाच्या खाली. जेवताना बाबा ते सांगत तेव्हा हातातला घास हातातच राही. "इंजिनरूम कुठे असते ठाऊक आहे ना मंजू? पाण्याच्या रेषेच्या खाली. सत्तावीस वर्षं मी समुद्रसपाटीच्या खाली नोकरी करतोय. एकदा तरी असं उभं राहायचंय की ढग माझ्या खाली आणि मी वर."

"वर ऑक्सिजन नसतो म्हणे," आई म्हणाली.

"खाली तरी कुठे असतो? ब्लोअरने आणतो आम्ही."

मी तेव्हा विद्यापीठातून नुकती बाहेर पडले होते आणि एका सरकारी ग्रंथालयात लागले होते. पुढे शिकायला परदेशी पाठवायची तिथे एक योजना होती. ती फक्त नागरिकांसाठी होती, आणि आम्ही तिघंही नुसते कायमचे रहिवासी होतो. मी नागरिकत्वासाठी अर्ज केला. घरात त्यावर वाद झाला नाही. बाबा म्हणाले, "जिथे राहायचंय तिथलं व्हावं." आई म्हणाली, "व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागेल गं चिपळूणला जायला," आणि भाजी ढवळू लागली. यथावकाश मंजुरीचं पत्र आलं. जुना पासपोर्ट जमा करून शपथेला या. दोन तारखा दिल्या होत्या, सोयीची कळवा. एक सहलीच्या आधीची होती, दुसरी सहलीनंतरची.

मी पहिली कळवली. इतक्या वर्षांत यावर मी बराच विचार केला आहे, आणि स्वतःला सोडवण्याचे जेवढे मार्ग वाचलेल्या माणसाला सुचतात तेवढे सगळे करून पाहिले आहेत. खरं कारण अगदी साधं आहे. सहल होईल असं मला वाटलंच नव्हतं. सहली होत नसत. रिलीव्हर येत नसे. आई त्याच आठवड्यात मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी करत होती, आणि ती चटणी पुढच्या महिन्यात मी ग्रंथालयात डब्याला नेणार हे मी गृहीत धरलं होतं. परदेशी नागरिकाला अरुणाचलला जायला वेगळा परवाना लागतो, हेही मी शोधलं नाही. ज्या बाईने पुढे पस्तीस वर्षं लोकांना संदर्भ काढून दिले, तिला आपल्या पायापुढचा एक नियम बघावासा वाटला नाही.

शपथविधी एका कम्युनिटी सेंटरच्या सभागृहात झाला. खुर्च्यांना रिबिनी बांधल्या होत्या. प्रमुख पाहुणे येईपर्यंत आमच्याकडून टाळ्यांची रंगीत तालीम करून घेण्यात आली, कारण आधीच्या तुकडीच्या टाळ्या विस्कळीत झाल्या होत्या म्हणे. पाहुणे चाळीस मिनिटांनी आले. देश म्हणजे एक कुटुंब आहे असं त्यांनी सांगितलं, मग पान उलटलं आणि देश म्हणजे एक कुटुंब आहे असं पुन्हा सांगितलं; दोन पानं चिकटून आली असावीत किंवा एकच दोनदा आलं असावं. आम्ही तालमीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. असल्या समारंभांचं मला आधीपासून हसू येतं, आणि त्या दिवशीही मी आईला सांगण्यासाठी एकेक तपशील गोळा करत होते. पण उजवा हात छातीवर ठेवून उभं राहिल्यावर मी तपशील गोळा करायचं विसरले, हेही लिहायला हवं. नंतर करी पफ आणि सरबत होतं. घरी येऊन मी आईला पानं चिकटल्याची नक्कल करून दाखवली आणि ती पदर तोंडाला लावून हसली. झालं ते एवढंच. बाबांना पत्राने कळवायचं होतं. ते जहाज तेव्हा ब्राझीलकडे निघालं होतं. आल्यावर सांगू म्हटलं.

बाबा सहलीच्या दहा दिवस आधी आले. सकाळी दाराची घंटा वाजली. आई बतांग साफ करत होती, तशाच हाताने तिने दार उघडलं. बाहेर बाबा, बॅग, आणि अंगावर तो कधीही न जाणारा डिझेलचा वास.

"रिलीव्हर आला!" बाबा म्हणाले. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "अगं, बोटीवर चढला, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. शिडीवर हात दिला मी त्याला. सुटून जाईल म्हणून सोडतच नव्हतो."

"मेलं, मी चटणीचा डबा कालच फोडला," आई म्हणाली आणि रडायला लागली.

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी टेबल पुसून घेतलं, नकाशा उलटा पसरला आणि कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. त्यांनी अरुणाचलच्या परवान्याचे तीन फॉर्म मागवून ठेवले होते. भारतीय माणसालाही तिथे जायला परवाना लागतो, पण तो साधा असतो. बाबांनी त्यांचा आणि आईचा फॉर्म ठळक अक्षरांत भरला. मग चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "मंजू, पासपोर्ट आण तुझा. नंबर घालून टाकू."

मी आणला. कागदाशेजारी ठेवला. लाल, नवा कोरा. त्यांचे दोन निळे, घड्या पडलेले.

बाबांनी तो हातात घेतला, उघडला, फोटो बघितला. "चांगला आलाय," ते म्हणाले. "कधी झालं?"

"मागच्या महिन्यात. तुम्हाला सांगायचं राहिलं."

"एवढी घाई होती त्यांना?"

"त्यांना नव्हती," मी म्हटलं. ती एक गोष्ट मी खरी सांगितली. "दोन तारखा होत्या. मला वाटलं, तुम्ही काही या वेळी येत नाही."

आई म्हणाली, "अगं, काय बोलतेस!" बाबांनी मात्र मान डोलवली, बराच वेळ, एखाद्या यंत्राचा आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते कळल्यावर डोलवतात तशी. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तुझा हिशोब चूक नाही." रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

मग तीन दिवस फोन झाले. तेजपूरला त्यांनी ज्याच्याकडे जीप सांगितली होती तो एजंट मोठा प्रेमळ माणूस होता. नियम असा निघाला की परदेशी माणसाला वेगळा परवाना, त्याला काही आठवडे, भालुकपाँगच्या फाटकावर तो तपासतात, आणि एकट्याला तो मिळतच नाही. किमान दोन परदेशी हवेत. एकटा परदेशी डोंगरात शिरला तर सीमेला धोका, दोघं शिरले तर पर्यटन. पण एजंटकडे तोड होती. "सर, टेन्शन मत लीजिए. मेरे पास एक जर्मन मियाँ-बीवी हैं. मैडम का नाम उनके साथ डाल देंगे. काग़ज़ पर एक ग्रुप, आगे आप अपने रास्ते. परमिट भी जल्दी निकाल लेंगे."

"और गेट पर?"

"गेट पर कौन गिनता है, सर!"

बाबांनी "सोचकर बताता हूँ" म्हणून फोन ठेवला, आणि मला कळलं की संपलं. रात्रपाळीला झोपलेला ज्युनियर सकाळी अंदाजाने तापमानं लिहितो, त्यावरून त्यांनी एका पोराला जहाजावरून उतरवलं होतं. "न घेतलेलं रीडिंग मी लॉगबुकात लिहीत नाही," ते म्हणाले. "आणि भालुकपाँगच्या फाटकावर माझ्या मुलीला जर्मनांच्या मागे उभी करून मी आपला वेगळा उभा राहू?"

"तुम्ही दोघं जा ना," मी म्हटलं. त्या वाक्यात त्याग असल्यासारखं मी ते म्हटलं होतं. "मी आहे इथे. जीप सांगितलीये, सगळं झालंय."

"तुला टाकून काय जायचंय," आई म्हणाली.

"तिघांचा बेत आहे," बाबा म्हणाले, आणि वाट्या उचलल्या. कागद आपोआप गुंडाळला गेला.

त्या सुट्टीत बाबांनी घरातला प्रत्येक नळ दुरुस्त केला, मग शेजारच्यांचे केले. एका रविवारी ते आम्हाला बुकित तिमाहला घेऊन गेले. ही सिंगापूरमधली सगळ्यात उंच टेकडी, पाचशे-साडेपाचशे फूट. पुण्यात हिला कोणी नावसुद्धा दिलं नसतं. वर डांबरी रस्ता जातो, माथ्यावर एका दगडावर उंची कोरलेली आहे आणि त्या दगडासोबत फोटो काढायला रांग असते. आम्ही रांगेत उभे राहिलो. आई दम लागून बाकावर बसली. झाडांमुळे काही दिसत नव्हतं. बाबांनी दगड वाचला, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, "समुद्रसपाटीच्या वर आहे, एवढं खरं." माकडांनी आमची केळी पळवली. त्यावर आम्ही तिघंही गरजेपेक्षा जास्त हसलो.

पुढे पाच वर्षांनी त्यांना जहाजावरच हृदयविकाराचा झटका आला आणि नोकरी संपली. डॉक्टरांनी सांगितलं, उंचावर जायचं नाही. बाबांनी कागद पुन्हा काढला. सेला आणि तवांगवर पट्टीने रेघ मारली. दिरांगही गेलं, कारण ते पाच हजारांवर असलं तरी वाट त्याहून उंच बोमदिलावरून जाते. उरलं तेजपूर, भालुकपाँग आणि त्याच्या वरची दोन-चार वळणं. "फाटकातून आत तरी जाऊन येऊ," ते मला म्हणाले. "या वेळी खरेच दोन परदेशी होतात, तू आणि एजंटकडची एक ऑस्ट्रेलियन बाई, ती एकटीच जोडीदार शोधतेय. चार दिवस काढ." मी तोवर शिकून आले होते आणि विभागप्रमुख झाले होते. माझ्या हाताखाली सहा माणसं होती आणि पुस्तकांची संगणकावर नवी मांडणी चालली होती. ती आज कोणी वापरत नाही. मी म्हटलं, "बाबा, या महिन्यात खरंच नाही जमणार. माझ्या जागी कोणी नाहीये." त्यांनी टोमणा मारला असता तर मी तो आनंदाने घेतला असता. ते म्हणाले, "हो, तसं असतं," आणि त्यांना ते मनापासून पटलेलं होतं. त्यानंतरचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

आता माझ्या फोनवर रोज कोणीतरी सेलावर उभं असतं. मोटारसायकली, रंगीत पताका, मागे वाजणारं गाणं, आणि 'पाहायलाच हवीत अशी दहा ठिकाणं'. खिंडीच्या थोडं खालून आता बोगदाही झालाय. माथ्यावर न चढता पलीकडे जाता येतं. सिंगापूरमधल्याच हौगांगच्या माझ्या फ्लॅटवर विद्यापीठातली मराठी मुलं अधूनमधून जेवायला येतात. त्यांच्यातली काही परवा अरुणाचलला निघाली होती. मी त्यांना दिरांगला एक दिवस जास्त ठेवा, सेलाला सकाळी पोचा, दुपारी ढग येतात, असं सगळं सांगितलं. "काकू, तुम्ही कधी गेला होतात?" एकीने विचारलं. मी वरण वाढते म्हणून उठले.

आईने मागच्या वर्षी नागरिकत्व घेतलं, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. कारण पूर्ण व्यवहारी होतं: गुडघे, डोळे, इस्पितळाच्या खेपा, नागरिकाला त्या सोप्या पडतात. व्हीलचेअरवरून तिने शपथ घेतली. भाषण आताही लांबलं आणि ती मधे थोडी झोपली. परत येताना टॅक्सीत ती बराच वेळ नवं ओळखपत्र उलटसुलट करून बघत होती. मला वाटलं फोटोबद्दल काहीतरी म्हणेल.

"आता आपण दोघी परदेशी झालो ना गं?" ती म्हणाली.

"भारतातून बघितलं तर झालो."

"म्हणजे आता तो परवाना मिळेल."

एवढ्या वर्षांत तिने त्या परवान्याचं नाव घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "मिळेल की. पण आई, तुझे गुडघे..."

"आत्ताचं नाही म्हणत मी." टॅक्सी सिग्नलला थांबली होती. तिने ओळखपत्र पर्समध्ये ठेवलं आणि चेन ओढून घेतली. "तेव्हा दोन परदेशी हवे होते ना? एक तू होतीस. मी झाले असते दुसरी. थांबलो असतो एक-दोन वर्षं, हे काय पळून जात होते? मला काय, मी चिपळूणची ती चिपळूणचीच राहिले असते. तुम्ही दोघं टेबलाशी बसून तीन दिवस फोन करत होतात. मी आतबाहेर चहा आणून देत होते. मला कुणी विचारलंच नाही."